मंगळवारी निघून गुरुवारी पोहोचणाऱ्या आईचा बुधवार

प्रश्न : ताई, माझी आई 73 वर्षांची आहे. गेलं वर्षभर ती दादाकडे सॅन फ्रान्सिस्कोला आहे. फेब्रुवारीच्या सुरुवातीला ती माझ्याकडे सिंगापूरला येतेय आणि मार्चअखेर परत जाणार आहे. दोन्ही वेळा एकटीच. तिला किती वेळ विमानात बसावं लागेल हे नीट कळावं म्हणून मी दोन विमानतळांमधलं अंतर शोधायला बसले आणि डोकं चक्रावलं. एके ठिकाणी 13,593, दुसरीकडे 8,446, तिसरीकडे 7,340. वेळही कुठे साडेपंधरा तास, तर कुठे जवळजवळ साडेसतरा. तिकिटावर बघावं तर मंगळवारी रात्री साडेदहाला निघून गुरुवारी सकाळी साडेसातला पोहोचणार, म्हणजे मोजून तेहतीस तास! दादा म्हणतो, सतराच तास आहेत, उगाच घाबरू नकोस. परतीच्या तिकिटावर तर सकाळी नऊला निघून त्याच दिवशी सकाळी सव्वानऊला पोहोचणार असं आहे. कशावर विश्वास ठेवायचा? आणखी एक. दादाचं म्हणणं, एवढं सलग बसवण्यापेक्षा मध्ये एक थांबा घेऊ, पाय मोकळे होतील. मला वाटतं थेट विमान बरं. यावरून आमचं दोन वेळा वाजलंय. आई रक्तदाबाची गोळी रोज सकाळी आठला घेते, तिचं काय करायचं तेही सांगा.
– एक मुलगी

उत्तर :

तुमच्या पत्रातला शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पण गोळीचा हिशेब वेळेवर उभा आहे आणि वेळेचा अंतरावर, म्हणून सुरुवात अंतरापासूनच करू.

आधी एक दिलासा. तुम्हाला सापडलेले तिन्ही आकडे बरोबर आहेत आणि तिन्ही एकच अंतर सांगतात. 13,593 हे किलोमीटर आहेत. 8,446 हे आपले नेहमीचे, जमिनीवरचे मैल. आणि 7,340 हे सागरी मैल, जे जहाजांसाठी आणि विमानांसाठी वापरतात. एक सागरी मैल म्हणजे 1.852 किलोमीटर. पृथ्वीच्या गोलावर एक अंश पुढे गेलात की साठ सागरी मैल होतात, म्हणून वैमानिकांना हे माप सोयीचं पडतं. पुढे कधी असे आकडे दिसले तर आधी त्यांच्या शेजारचं एकक बघा. अर्धा गोंधळ तिथेच मिटतो. एखाद्या ठिकाणी 13,580च्या आसपासचा आकडा दिसला तरी बिचकू नका. पृथ्वी अगदी गोल धरली की तेवढं येतं, ध्रुवांपाशी ती किंचित चपटी आहे हे हिशेबात घेतलं की दहा-पंधरा किलोमीटर इकडेतिकडे होतात.

हे अंतर कसं मोजतात, ते हातानं करून बघण्यासारखं आहे. घरात पृथ्वीचा गोल असेल तर एक दोरा घ्या. एक टोक सॅन फ्रान्सिस्कोवर अंगठ्यानं दाबून धरा, दुसरं सिंगापूरवर, आणि दोरा ताणा. सैल असताना तो पॅसिफिकच्या मधोमध, हवाईच्या बाजूला लोंबत असतो. ताणत गेलात की आपोआप वर, उत्तरेकडे सरकतो. पूर्ण ताणला की बघा कुठून गेलाय. सॅन फ्रान्सिस्कोहून निघून वायव्येकडे चढतो, अलास्काजवळच्या अल्युशियन बेटांच्या खाली, साधारण 47 अंश उत्तर अक्षांशापर्यंत जातो, मग उतरायला लागतो. जपानच्या दक्षिण किनाऱ्याजवळून, ओकिनावाच्या आसपासून, फिलिपिन्सच्या उत्तर टोकाला जवळजवळ घासून दक्षिण चीन समुद्रावरून सिंगापूरला पोहोचतो. सिंगापूर विषुववृत्ताला खेटून आहे आणि सॅन फ्रान्सिस्को 37 अंशांवर, तरी जवळचा रस्ता दोघांच्याही उत्तरेवरून जातो. सपाट नकाशावर हीच रेघ मोठ्या कमानीसारखी दिसते आणि बघणाऱ्याला वाटतं, विमान एवढं वळसा घालून का चाललंय? वळसा नकाशात आहे. गोलावर तो सगळ्यात आखूड रस्ता आहे. आईच्या समोरच्या पडद्यावर विमानाची वाट अशीच वाकडी दिसेल, तेव्हा निघण्याआधी एकदा तिच्याकडूनच हा दोरा ताणून घ्यायला दादाला सांगा. पडद्यावर अलास्काच्या खाली विमान दिसलं तर तिच्या जिवाला घोर लागायला नको.

आता वेळ. इथे मात्र ठिकठिकाणची उत्तरं खरंच वेगळी आहेत, आणि त्याचं कारण साधं आहे. अंतर काढून देणारी ठिकाणं त्या अंतराला एका ठरलेल्या वेगानं भागतात आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास त्यात मिळवतात. कुणी ताशी 900 किलोमीटर धरतं. 13,593 भागिले 900 म्हणजे पंधरा तास सहा मिनिटं, अर्धा तास मिळवला की साधारण पंधरा तास छत्तीस मिनिटं. हे झाले तुमचे साडेपंधरा. कुणी ताशी 500 मैल धरतं. 8,446 भागिले 500 म्हणजे सोळा तास त्रेपन्न मिनिटं, अधिक अर्धा तास, झाले सव्वासतराच्या पुढे. हे झाले जवळजवळ साडेसतरा. भागाकार दोन्हीकडे बरोबर आहे. पण दोघांनीही एक गोष्ट सोडून दिलीय, ती म्हणजे वारा.

आणि या मार्गावर वाऱ्याशिवाय काही बोलताच येत नाही. जमिनीपासून साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, म्हणजे लांब पल्ल्याची विमानं जिथून उडतात तिथेच, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वाऱ्यांचे पट्टे असतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात जपानवरून आणि त्याच्या पूर्वेच्या पॅसिफिकवरून वाहणारा हा पट्टा जगातल्या सर्वात जोरकस पट्ट्यांपैकी आहे. तिथे वाऱ्याचा वेग कधीकधी ताशी 300 किलोमीटरच्याही वर जातो. तो पहिल्यांदा पद्धतशीर मोजणारा माणूसही जपानीच, ओइशी वासाबुरो. 1920च्या दशकात तातेनो इथल्या वेधशाळेतून फुगे सोडून ते वर कुठे आणि किती वेगानं वाहत जातात हे त्यांनी टिपलं. जगभरच्या लोकांना वाचता यावं म्हणून 1926 साली त्यांनी ते एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या जागतिक भाषेत छापलं, आणि नेमकं त्यामुळेच फारसं कुणी वाचलं नाही. मला या माणसाबद्दल नेहमी हळहळ वाटते. एवढा मोठा शोध, आणि ज्या भाषेनं तो सगळ्यांपर्यंत पोहोचावा असं वाटलं, त्याच भाषेत तो अडकून पडला.

तुमची आई येताना पश्चिमेकडे येणार, म्हणजे या वाऱ्याच्या तोंडावर. जाताना पूर्वेकडे जाणार, म्हणजे वारा पाठीशी. विमान हवेत ताशी 900 किलोमीटरनं चाललं तरी ती हवाच जर ताशी 100नं उलट सरकत असेल, तर जमिनीवरून बघता विमान 800नंच पुढे जातं. 13,593 भागिले 800, म्हणजे सतरा तास. तेच वारा पाठीशी 100चा असेल तर 1,000नं भागायचं, साडेतेरा तासांच्या थोडं वर. प्रत्यक्षात विमान ताणलेल्या दोऱ्यावरून तंतोतंत जात नाही. येताना ते वाऱ्याचा गाभा टाळण्यासाठी कधी उत्तरेला, कधी दक्षिणेला सरकतं, शंभर-दोनशे किलोमीटर जास्त उडतं, पण वेळ वाचवतं. जाताना उलट, वारा जिथे चांगला मिळेल तिथून जातं. पॅसिफिकवरचे हे हवाई मार्ग वाऱ्याच्या अंदाजानुसार रोज नव्यानं आखतात. म्हणून काल ज्या वाटेनं विमान गेलं त्याच वाटेनं आज जाईल असं नाही.

इथे बरेच लोक म्हणतात, येताना जेवढं गेलं तेवढं जाताना मिळालं, फिटंफाट. तसं होत नाही. वरचाच हिशेब बघा. वारा नसता तर दोन्ही खेपा मिळून तीस तास बारा मिनिटं. 100चा वारा असताना सतरा अधिक साडेतेराच्या वर, म्हणजे तीस तास पस्तीस मिनिटं. उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकतं, पाठीशी वारा असताना त्याचा फायदा कमी वेळ मिळतो. त्यामुळे दोन्ही खेपा धरल्या तर वारा काही ना काही खाऊनच जातो.

वरचा 100चा वारा फक्त हिशेब समजण्यापुरता होता. थोडक्यात, या मार्गावर हिवाळ्यात येताना साधारण सतरा तास आणि जाताना साधारण पंधरा ते सव्वापंधरा तास धरा. दादाचे सतरा तास बरोबर आहेत.

मग तुमचे तेहतीस कुठून आले? तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या गावची असते आणि पोहोचण्याची पोहोचण्याच्या गावची. दोन गावांची घड्याळं एकाच वजाबाकीत घातली की असंच होतं. सिंगापूरचं घड्याळ जागतिक प्रमाणवेळेच्या आठ तास पुढे असतं, वर्षभर, 1982 पासून. सॅन फ्रान्सिस्कोचं हिवाळ्यात आठ तास मागे. दोन्हींत फरक सोळा तासांचा. तेहतीसमधून सोळा गेले, राहिले सतरा. हेच सुटं करून बघा : मंगळवारी रात्री साडेदहा म्हणजे जागतिक वेळेनुसार बुधवार सकाळचे साडेसहा. त्यात सतरा तास मिळवा, बुधवार रात्रीचे साडेअकरा. त्यात सिंगापूरचे आठ मिळवा, गुरुवार सकाळचे साडेसात. दोन्ही टोकं आधी एकाच घड्याळावर आणायची आणि मगच वजाबाकी करायची. एवढी एक सवय लावून घेतलीत की जगातल्या कुठल्याही दोन विमानतळांचं तिकीट तुम्हाला वाचता येईल.

परतीचं तिकीट चुकलेलं नाही, तेही यानंच सुटतं. मात्र एक मेख आहे. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे करतात. आई मार्चअखेर जाणार, तेव्हा सॅन फ्रान्सिस्को सात तास मागे असेल आणि फरक सोळाऐवजी पंधरा तासांचा. समजा निघायचा दिवस शनिवार. सिंगापूरचे सकाळचे नऊ म्हणजे जागतिक वेळेचा रात्रीचा एक. सव्वापंधरा तास उडून दुपारचे सव्वाचार. त्यातून सात वजा केले, सकाळचे सव्वानऊ, वार तोच, शनिवार. ती पंधरा तास विमानात बसेल आणि घड्याळ पंधराच मिनिटं पुढे गेलेलं असेल. हेच विमान फेब्रुवारीत असतं तर आई निघाली त्याच्या पाऊण तास आधी पोहोचली असती, सव्वाआठला! तेव्हा मार्चच्या त्या रविवारानंतर दादाला विमानतळावर यायची वेळ पुन्हा एकदा तिकिटावरून तपासायला सांगा. फेब्रुवारीतल्या कुणाच्या प्रवासावरून अंदाज बांधू नका.

तिकिटावरच्या सतरा तासांत आणखी एक गोष्ट दडलेली असते. ही वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या टोकाला जागेवर उभं राहीपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत रांगेत जाणं, उतरल्यावर फाटकापर्यंत येणं, हे सगळं धरून. विमान कंपन्या त्यात थोडी सवडही ठेवतात. म्हणून कधी विमान उशिरा सुटूनही वेळेवर पोहोचतं आणि आपल्याला नवल वाटतं. त्यामुळे पडद्यावर उरलेला वेळ तिकिटापेक्षा वीस-तीस मिनिटांनी वेगळा दिसला तर आईनं काळजी करायचं कारण नाही.

अंतर तेच राहून वेळ किती बदलू शकते याचं एक उदाहरण सांगते, मग पुढे जाऊ. हेलसिंकी ते तोक्यो हे अंतर साधारण 7,800 किलोमीटर. रशियावरून सरळ गेलं की नऊ-साडेनऊ तास लागायचे. फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर रशियाचं आकाश युरोपच्या विमानांना बंद झालं आणि तोच प्रवास तेरा तासांच्या आसपास गेला. काही विमानं तर थेट उत्तर ध्रुवावरून जाऊ लागली. दोन्ही शहरं होती तिथेच होती. म्हणून मी म्हणते, अंतराचा आकडा माहितीपुरता ठेवा आणि बेत आखताना ज्या विमानाचं तिकीट काढताय त्याचीच वेळ धरा.

आता तुमचं आणि दादाचं जे वाजलंय त्याकडे येते.

दादाचं म्हणणं पोकळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2007 साली जे निष्कर्ष मांडले त्यानुसार चार तासांहून जास्त वेळ न हलता बसून प्रवास केला तर पायातल्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. मुळात हा धोका कमी असतो, निरोगी माणसांत साधारण सहा हजारांत एक, तरीही वय 73 असताना तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही. पण उपाय मध्ये उतरणं हाच आहे का? धोका बसून राहण्यानं वाढतो. तोक्योला उतरून तुमची आई दोन तास हलेल आणि मग पुन्हा साडेसात तास बसेल. त्यापेक्षा थेट विमानात दर तासा-दीड तासानं उठून मागच्या टोकापर्यंत जाऊन आली तर ती जास्त वेळा हलेल. त्यासाठी तिला कडेची, येण्याजाण्याच्या वाटेची जागा हवी. खिडकीची नाही, कितीही हट्ट धरला तरी नाही. खिडकीत बसलेली वयस्कर बाई शेजारच्या दोघांना उठवायच्या संकोचानं आठ-आठ तास जागची हलत नाही आणि पाणीही पीत नाही. हे मी इतक्या घरांतून ऐकलंय की जागा निवडण्याचा प्रश्न मला विमान निवडण्याइतकाच मोठा वाटतो.

थांबाच घ्यायचा झाला तर तो कुठे, हे दोऱ्यावर बघा. तोक्योचा नारिता विमानतळ ताणलेल्या दोऱ्यापासून साधारण दोनशे किलोमीटरवर आहे आणि हा सगळा मार्ग इतका लांब आहे की तिथून गेलं तर एकूण अंतरात दहा किलोमीटरचीही भर पडत नाही. वेळेत मात्र पडते. येताना तोक्योपर्यंत साधारण अकरा तास, पुढे साडेसात, मध्ये दोन-तीन तास, म्हणजे साडेवीस ते साडेएकवीस तास. याउलट कुणी स्वस्त म्हणून दुबईमार्गे तिकीट सुचवलं तर दोरा दुसऱ्याच बाजूनं जातो. सॅन फ्रान्सिस्को ते दुबई 13,000 किलोमीटरच्या वर आणि दुबई ते सिंगापूर आणखी 5,800च्या आसपास. जवळजवळ 19,000 किलोमीटर! पहिल्याच टप्प्यात ती जवळजवळ थेट सिंगापूरच्या प्रवासाएवढं बसलेली असेल आणि पुढचा टप्पा बाकीच असेल. असा बेत करू नका.

माझं मत स्पष्ट आहे. आईला चालता येतं, मोठा आजार नाही आणि डॉक्टरांची हरकत नाही, तर थेट विमान. एकट्या माणसाला दमवतं ते बसणं कमी आणि बदल जास्त : अनोळखी विमानतळ, पुन्हा सुरक्षातपासणी, शेवटच्या क्षणी बदललेलं फाटक, समजत नसलेली घोषणा. पहिलं विमान तासभर उशिरा आलं तर धावपळ आणि चुकलं तर परक्या शहरात रात्र. थेट विमानात हा सगळा धोका एका झटक्यात जातो. या मार्गावर 2016 पासून युनायटेड आणि सिंगापूर एअरलाइन्सची थेट विमानं सुरू झाली, त्यासाठी बोईंग 787 आणि एअरबस ए350 ही विमानं वापरतात. जुन्या विमानांत आतली हवा साधारण 2,400 मीटर उंचीच्या डोंगरावर असावी तितकी विरळ होऊ शकते. या दोन प्रकारांत ती 1,800 मीटरच्या आसपासची ठेवतात. वयस्कर माणसाला हा फरक जाणवतो. तिकीट काढतानाच चाकाच्या खुर्चीची मदत नोंदवून टाका, आईला चालता येत असलं तरी. एवढ्या लांबच्या प्रवासानंतर प्रवेश-तपासणीच्या रांगेत उभं राहणं सगळ्यात जड जातं आणि सोबत असलेला कर्मचारी तिला योग्य दारापर्यंत नेतो. दादाला मात्र त्याच्या काळजीबद्दल दुखवू नका. तो पायांचा विचार करतोय, तुम्ही तिच्या एकटेपणाचा. कडेच्या जागेनं त्याची काळजी बरीचशी मिटेल असं त्याला सांगून बघा.

आणि आता गोळी. इथे जरा सावकाश वाचा, कारण लोक इथेच फसतात.

माझ्या मावशीचं उदाहरण देते. तिच्याकडे वारांची नावं छापलेली गोळ्यांची डबी होती, सोम ते रवि, सात कप्पे. रोज सकाळी त्या वाराचा कप्पा उघडायचा, गोळी घ्यायची. वर्षानुवर्षं बिनचूक चाललं. मग ती अशीच तारीखरेषा, म्हणजे पॅसिफिकमधली जी रेघ ओलांडली की तारीख बदलते ती, ओलांडून गेली. पोहोचल्यावर डबी उघडते तर आदल्या वाराचा कप्पा भरलेला. तिला वाटलं, आपण विसरलो. घाबरून दोन्ही गोळ्या एकदम घेतल्या आणि त्या दिवशी चक्कर येऊन बसली. सुदैवानं पुढे काही झालं नाही. तिची काहीच चूक नव्हती. डबीला वार कळतात, तास कळत नाहीत.

तुमच्या आईचं काय होईल ते मांडते. मंगळवारी सकाळी आठला ती सॅन फ्रान्सिस्कोत गोळी घेईल. रात्री विमानात बसेल. दीड तासानं बुधवार लागेल आणि पुढे तारीखरेषा ओलांडली की गुरुवार. गुरुवारी सकाळी ती सिंगापुरात उतरेल, तुमच्या घरी येईल आणि डबी बघेल. बुधवारचा कप्पा भरलेला असेल. तिनं काही न करता थेट गुरुवारी सिंगापूरच्या सकाळी आठच्या सुमारास गोळी घेतली तर दोन गोळ्यांमध्ये चोवीसऐवजी बत्तीस तास जातील. दोन्ही एकदम घेतल्या तर मावशीसारखं होईल.

परतीचा प्रवास त्याहून फसवा आहे, कारण तिथे डबीत काही चुकल्यासारखं दिसतच नाही. शनिवारी सकाळी आठला विमानतळावरच गोळी घेऊन ती निघेल. शनिवारीच सकाळी सॅन फ्रान्सिस्कोला उतरेल. शनिवारचा कप्पा रिकामा, म्हणजे आजची गोळी झाली. रविवारी सकाळी आठला ती पुढची घेईल. डबीप्रमाणे सगळं व्यवस्थित. पण मध्ये एकोणचाळीस तास गेलेले असतील!

तेव्हा प्रवासाच्या दिवसांपुरती डबी बाजूला ठेवा आणि तासांचा कागद करा. आईचे जे डॉक्टर असतील त्यांना हेच दोन आकडे सांगा, येताना बत्तीस तास आणि जाताना एकोणचाळीस, आणि विचारा की विमानात गोळी घ्यायची का, कधी घ्यायची आणि नव्या वेळेवर कसं आणायचं. उदाहरणार्थ, येताना चोवीस तास पाळायचे तर विमान सुटल्यावर साडेनऊ तासांनी गोळीची वेळ येते, तेव्हा सिंगापुरात मध्यरात्र असेल. ती तेव्हा घ्यायची की उतरल्यावर, हे गोळी कुठली आहे त्यावर ठरतं आणि ते डॉक्टरांनीच ठरवायचं. रक्त पातळ करणारी गोळी किंवा इन्सुलिनही सुरू असेल तर हे विचारल्याशिवाय विमानात बसवूच नका. तिथे काही तासांचाही फरक पडतो.

फोनमधला गजर या कामाला वापरू नका. उतरल्याबरोबर फोन आपली वेळ आपणच बदलतो आणि आठचा गजर नव्या गावच्या आठला वाजतो. त्याऐवजी आईच्या मनगटावर साधं काट्याचं घड्याळ असू द्या, सॅन फ्रान्सिस्कोच्या वेळेवर लावलेलं, आणि तुमच्या घरी पोहोचेपर्यंत त्याला कुणी हात लावू नये. कागदावर मोठ्या अक्षरांत त्या घड्याळाप्रमाणेच लिहा : साडेदहाला विमान सुटेल, अमुक वाजता गोळी, दुपारी साडेतीनला उतरशील. तिच्या मनगटावर उतरताना खरंच दुपारचे साडेतीन वाजलेले असतील, बाहेर सकाळ असली तरी. गोळ्या हातातल्या पिशवीत, मूळ पाकिटात, चार-पाच दिवसांच्या जास्तीच्या धरून. सामानात टाकलेली बॅग मागे राहिली तरी गोळ्या मागे राहायला नकोत.

तो कागद दादाला करायला सांगू नका, तुम्ही करा आणि फोनवर आईला वाचून दाखवा. मग तिला तोच तुम्हाला वाचून दाखवायला सांगा. जिथे अडखळेल तिथे अक्षर मोठं करा. परतीचा कागद वेगळा, दुसऱ्या रंगाच्या शाईनं, आणि तो मार्चच्या त्या दुसऱ्या रविवारनंतरच लिहायला घ्या.